हॅलोआत्यांच्या फोनची काच

अर्धी खोली पुसून झाली होती, अर्धी कोरडीच होती, आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पाइपवर खालून ठणठण सुरू झाली. एकदा वाजलं तर सवड झाली की ये. लागोपाठ वाजलं तर आत्ता ये. आज वाजायचं थांबेचना. फडका बादलीत टाकला आणि ओल्या हातांनी तशीच जिना उतरले.

खालच्या मजल्यावर हॅलोआत्या राहतात. हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलेलं. दार वाजवलं तरी त्या आतून "कोण?" म्हणत नाहीत, "हॅलो" म्हणतात. लहानपणी तापात दोन्ही डोळे गेले, आणि मोठेपणी सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर झाली. कुठल्या खोलीचा नंबर काय, कुठल्या डॉक्टरचा घरचा फोन काय, सगळं तोंडपाठ. चुकीच्या माणसाला फोन जोडून दिला असं एकदाही झालं नाही, हे त्या अजून सांगतात. सांगताना मान अशी ताठ होते की समोरच्यानं विश्वास ठेवावाच.

मला त्या 'वरची' म्हणतात. "वरचा ऐकत नाही, वरची तरी ऐकते," असं म्हणून हसतात. देवाची चेष्टा मला खपत नाही. ते त्यांना ठाऊक आहे, म्हणून तर मुद्दाम म्हणतात.

आज चेष्टा नव्हती. दार सताड उघडं. आत्या बाहेरचे कपडे घालून पलंगाच्या कडेवर बसलेल्या, पर्स मांडीवर, काठी हातात.

"धाकट्याचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "रविवारी गाडी घेऊन येतोय. कपडे काढून ठेव म्हणाला. म्हणे तिथल्या खोलीला मोठी खिडकी आहे. मला खिडकीचं काय कौतुक सांगतोस, म्हटलं!"

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. तोही आता आजोबा झालाय, पण यांच्या तोंडी अजून धाकटाच. तिथली खोली म्हणजे एकट्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेतली. आत्यांच्या दृष्टीनं तो तुरुंगच. या घरात त्यांना भिंत न् भिंत पाठ आहे. थोरली बहीण होती तोवर ती वाचून दाखवायची, पत्रं, बिलं, औषधं. ती गेली आणि तिच्या जागी फोन आला. फोनचा कॅमेरा वस्तूवर धरला की त्यावर लिहिलेलं फोन मोठ्यानं वाचतो. आत्या त्याला 'बया' म्हणतात. बयेचं बोलणं त्यांनी इतकं जलद करून ठेवलंय की मला नुसती किरकिर ऐकू येते, त्यांना मात्र शब्द न् शब्द कळतो. डाळ कुठली, साखर कुठली, गोळी सकाळची की रात्रीची, सगळं बया सांगते.

मागच्या आठवड्यात गोळी चुकली. रात्रीच्या गोळीऐवजी सकाळची रक्तदाबाची गोळी पुन्हा घेतली गेली. न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडल्या. धप्प आवाज झाला म्हणून मी धावले, नाहीतर तशाच पडून राहिल्या असत्या. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण धाकटा आला आणि त्यानं डोक्याला हात लावला. आत्या म्हणाल्या, माझी चूक नाही, कॅमेऱ्याची काच फुटलीये, बया चुकीचं वाचते. तो म्हणाला, मग फोन दाखवून आण. फोनचा दोष निघाला तर मी काही बोलणार नाही. नाही निघाला, तर तू एकटी राहायचं नाहीस.

"चल," आत्या उठल्या. "फोनवाल्याकडे. आज काय ते होऊन जाऊ दे."

मी त्यांचा हात माझ्या कोपरात घेतला. रस्त्यानं जाताना मनातल्या मनात प्रार्थना केली. लोक देवाकडे मोडलेलं नीट व्हावं म्हणून मागतात. मी मागत होते, देवा, काच चांगलीच मोडलेली निघू दे.

"धाकट्याचा फोन आला होता, सांगितलं का मी तुला?" आत्यांनी विचारलं.

"सांगितलंत."

"रविवारी येतोय."

"हो, आत्या."

फोनवाल्याचं दुकान दाराएवढंच रुंद. टेबलावर वाकलेला दिवा, लोहचुंबकावर चिकटलेले राईएवढे स्क्रू, आणि त्याच्या एका डोळ्याला लावलेलं भिंग. त्यानं फोन उलटा केला, फुंकर मारली, मऊ कापडानं पुसला.

"तडा आहे," तो म्हणाला.

"आहे ना!" आत्यांचा चेहरा उजळला.

"पण कडेला आहे, मावशी. मधोमध नाही. आणि ही वरची काच. खरा कॅमेरा आत असतो, त्याला काही झालेलं नाही." त्यानं पांढऱ्या कागदाचा फोटो काढला आणि मला दाखवला. "बघा, डाग असता तर इथं एकाच जागी दिसला असता. आत धूळही गेलेली नाही." मग भिंतीवरच्या कॅलेंडरचा काढला. बारीक आकडेही स्वच्छ दिसत होते. "झकास फोटो येतोय. उगाच कशाला उघडायचा? उघडताना मागचं पॅनेल तडकलं तर नसती आफत. वर पारदर्शक पट्टी लावून देतो. मजेत वापरा."

चांगली बातमी सांगणाऱ्या माणसाकडे कुणी अशा चेहऱ्यानं पाहिलं नसेल. आत्यांना दिसत नाही, पण त्यांचं तोंड त्याच्या आवाजाकडे वळलेलं होतं आणि त्यावरचा रंगच उडाला होता.

"तुला काय कळतं?" त्या एकदम ओरडल्या. "तू डोळ्यानं बघतोस. मी कानानं बघते. ती चुकीचं वाचते म्हणून सांगतेय ना!"

"मग वाचून दाखवा, मावशी. माझी ना नाही."

आत्यांनी पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली. फोन धरला. बया किरकिरली.

"हे काय बोलली?" फोनवाला चक्रावला. "डास गुणगुणल्यासारखं?"

आत्यांनी आवाज हळू केला. बयेनं सकाळच्या गोळीचं नाव वाचलं, बरोबर. रात्रीच्या गोळीचं वाचलं, तेही बरोबर. पुन्हा धरलं, पुन्हा बरोबर. आत्या पाकीट उलटंसुलटं करू लागल्या, लांब नेऊ लागल्या, जणू बया चुकावी म्हणून तिला पेचात पकडत होत्या. मला बघवेना.

तेवढ्यात मला सुचलं. "घरी तुम्ही कुठे बसून वाचता, आत्या? गॅलरीत ना? उन्हात?"

"गॅलरीत. संध्याकाळपर्यंत ऊब असते म्हणून."

"मग उन्हात बघू या की," मी फोनवाल्याला म्हटलं.

तो मनापासून आला की माझ्या हट्टापायी, कोण जाणे. तिघंही पायरीवर उभे राहिलो. ऊन तिरपं येत होतं. आत्यांनी पाकीट धरलं, वर फोन धरला. बया अडखळली. मग काहीतरी अर्धवट अक्षरं बोलली. पुन्हा धरलं तर तीनच अक्षरं वाचली आणि गप्प बसली. फोनवाल्यानं आत्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पडद्यावर तड्यापासून उजेडाचा पांढरा पट्टा पसरला होता आणि त्याखाली नाव पुसून गेलं होतं.

"हां," तो म्हणाला. "उजेड तड्यात शिरून पसरतोय. फोटो काढणाऱ्याला चाललं असतं, तुम्हाला नाही चालायचं. काच बदलावी लागेल. नुसती काच, कॅमेरा नाही. मागची बाजू गरम करून काढतो. संध्याकाळी न्या."

"बदल," आत्या म्हणाल्या. "आणि फुटकी काच फेकू नकोस. मला दे. धाकट्याला दाखवायचीये."

मी देवाचे आभार मानले. मागितलं ते त्यानं दिलं होतं. परत येताना वाटलं आत्या आता रुग्णालयातले जुने किस्से काढतील, मंत्र्याचा फोन मुद्दाम शवागारात जोडून द्या म्हणणारे ते साहेब वगैरे. पण त्या जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्या, कठडा धरला आणि खालच्या पायरीवर बसल्या.

"दम लागला?"

"वरचे, एक काम करशील?"

"बोला ना."

"धाकटा तुला विचारेल. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. देवाधर्माची बाई, खोटं बोलणार नाही म्हणतो. त्याला सांग, की काच आधीपासून फुटलेली होती. मी पडायच्या आधीपासून. तू पाहिली होतीस."

"मी नव्हती पाहिली, आत्या."

"कशी पाहशील? नव्हतीच फुटलेली." त्यांनी काठी आडवी मांडीवर ठेवली. "फोन माझ्या हातात होता. माझ्याबरोबर पडला. तेव्हा फुटली."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"म्हणजे त्या संध्याकाळी..."

"त्या संध्याकाळी बयेनं बरोबर वाचलं. रात्रीची गोळी, असंच म्हणाली. मी ऐकलं. आणि दुसरं पाकीट फोडलं." त्या अगदी शांत आवाजात बोलत होत्या, बोर्डावर बोलत असतील तशा. "का फोडलं ते मला माहीत नाही. तेच माहीत नाही."

जिन्यात कुणाच्या तरी घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबला.

"मी खोटं नाही बोलू शकत, आत्या."

"देव रागावेल?"

"देवाचं राहू द्या. मी तुमच्या धाकट्याला पटवून दिलं, तो निर्धास्त परत गेला आणि पुन्हा गोळी चुकली तर? त्या दिवशी मी घरात होते. परत असेनच असं नाही."

"मग एखाद्या पाकिटाला रबर लावीन, हाताला फरक कळायला."

"मी सांगितलं होतं तेव्हा काय म्हणालात? रबर भाजीच्या जुडीला लावतात."

त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. "तू जा वर," म्हणाल्या. "मला हात द्यायची गरज नाही. पायऱ्या पाठ आहेत मला."

मी गेले नाही. त्यांनी मला दोनचार शब्द सुनावले. देवापुढे बसून बायका दगड होतात, हा त्यातल्या त्यात बरा. मी बसून राहिले. शिव्या संपल्या की माणूस खरं बोलतं, हे आमच्या सासूबाईंच्या आजारपणात शिकले.

"झोपताना मी रुग्णालयातले नंबर म्हणते," आत्या म्हणाल्या. "तू जप करतेस ना, तसे. पहिल्या मजल्यापासून सुरू करते. अपघात, क्ष-किरण, औषधालय, प्रसूती. सगळी इमारत फिरून खाली आले की झोप लागते. हल्ली मधेच जिना संपतो. प्रसूतीपर्यंत येते आणि पुढे काहीच नाही. परत खालून सुरू करते. परत तिथंच."

"कधीपासून?"

"काच फुटायच्या आधीपासून."

मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा होता. म्हटलं, "आपण डॉक्टरला दाखवू. मेंदूच्या. कधी कधी साध्या कारणानंही होतं, कसली तरी कमी असते अंगात, गोळ्यांचाच परिणाम असतो. कळलं तर उपाय होईल."

"आणि उपाय नसलेलं कळलं तर?"

मी त्यांचा गार हात चोळत राहिले. याचं उत्तर देवालाच ठाऊक.

"तुझा फोन दे," आत्या म्हणाल्या. "आमच्याच रुग्णालयात दाखवू. बोर्डाचा नंबर अजून तोच आहे. मीच लावते. माझा आवाज ओळखतील, लवकर वेळ देतील."

माझ्या फोनवर बटणांचा पडदा उघडून दिला आणि त्यांचं बोट पहिल्या आकड्यावर ठेवलं. बाकीचे त्यांनी बोटानं मोजत स्वतः दाबले, भराभर, न अडखळता. घंटा वाजली. आत्यांनी पाठ सरळ केली.

"हॅलो, नमस्कार, जरा मेंदूविकार विभाग द्या."

पलीकडे कुणी पुरुष होता. मलाही ऐकू आलं. "कुठला विभाग? अहो बाई, हे फर्निचरचं गोडाऊन आहे. राँग नंबर."

"माफ करा," आत्या म्हणाल्या. आवाज तसाच गोड, तसाच स्वच्छ. फोन त्यांनी माझ्या दिशेनं पुढे केला आणि माझ्या हाताला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग त्या रडल्या. त्यांना मी आजवर रडताना पाहिलं नव्हतं, बहीण गेली तेव्हासुद्धा. मी पदरात तोंड घेतलं त्यांचं. मनात प्रार्थना सुरू करायला गेले, तर काय मागावं तेच कळेना. नुसतं देवा, देवा एवढंच म्हणत राहिले.

नंबर मी फोनवर शोधून लावला. पलीकडच्या मुलीनं उद्या सकाळी पहिली वेळ दिली.

"धाकट्याला तू काही सांगू नकोस," दारात कुलूप चाचपताना आत्या म्हणाल्या. "खरंही नको, खोटंही नको. रविवारी मीच सांगेन."

"काय सांगाल?"

"ते उद्या कळेल."

उद्या सकाळी आत्यांना घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे.