दत्ताकाकांची गोणी

दत्ताकाका गेले आणि आमच्या चाळीत कोकणातून कचरा यायचा बंद झाला.

काका भोसरीत फिटर. काळेवाडीत आमच्या शेजारची खोली. गौरी-गणपतीला गावी जायचे.

परतताना सगळे चाकरमानी नारळ आणि उकडे तांदूळ आणायचे. काका एक गोणी किनाऱ्यावरचं प्लास्टिक आणायचे.

कारण साधं होतं. त्यांच्या गावात घंटागाडी नाही, आपल्याकडे रोज येते.

थंडीत तिथे कासवं अंडी घालायला येतात. गावकरी जाळी लावून घरटी राखतात, खूप जीव लावतात. पण पावसाळ्यात समुद्राने फेकलेला कचरा तसाच पडून.

काका म्हणायचे, "अंडी राखतत गो बाय. पण आवशीन येवचा खयसून?" म्हणजे, या कचऱ्यातून कासवाच्या आईने वर यायचं कुठून?

एका वर्षी मीही त्यांच्यासोबत गेले. मी लातूरची, समुद्र टीव्हीवरच पाहिलेला.

परतीला बसमधून उतरताना गोण्यांची अदलाबदल झाली. घरी मोठ्या तोऱ्यात सासूबाईंसमोर गोणी सोडली. फाटकी जाळी, चपला, थर्माकोल. आणि तो वास.

सासूबाई म्हणाल्या, "नारळ म्हनलीस की गं."

तिकडे माझे नारळ काकांनी न उघडताच घंटागाडीवाल्याकडे पोचवलेले. त्याने प्रामाणिकपणे परत दिले. एक फोडून खाल्ला होता, एवढंच.

काका हसले नाहीत. उलट आनंदले. "चला, माज्याशिवाय कोणीतरी गोणी उचलल्यान."

तेव्हा कळलं, या कामात आपण एकटे हे माणसाला किती लागलंय.

दरवर्षी गावाहून निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांचं मिळून देवाकडे मागणं, व्हायचं. काका त्यात एक वाक्य घालायला लावायचे, जा हाडला ता परत न्हेवची बुद्धी दी, म्हणजे जे आणलं ते परत न्यायची बुद्धी दे. सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." आणि नारळ घेऊन बसमध्ये चढायचे.

सगळ्यात जास्त टिंगल त्यांच्या चुलतभावाची, बाबल्याभाऊंची. तेही इकडेच, चिंचवडला राहतात. "आमचो दत्तो पुण्याक सोना न्हेता."

काका मला म्हणायचे, "व्हय सगळे म्हणतत गो. गोणी कोण उचलणा नाय."

गेल्या वर्षी गणपतीची तिकिटं काढली आणि आठवड्यात काका गेले. हार्ट अटॅक.

यंदा काकू एकट्या निघाल्या, म्हणून मी सोबत गेले. दोघींनी किनाऱ्यावर एक गोणी भरली. काकूंना वाकवत नव्हतं, तरी ऐकेनात.

बस आली. डिकीशी बाबल्याभाऊ उभे. हातात गोणी, तोंड सुतळीने बांधलेलं.

काकूंनी विचारलं, "नारळ आसत?"

"नाय गो वयनी."

आमचीही गोणी उचलून आत सरकवली आणि खिडकीशी जाऊन बसले. घाट लागेपर्यंत डोळे पुसत होते.

काका, आज सकाळी घंटागाडी आली. दोन्ही गोण्या, बाबल्याभाऊ आमच्याकडे ठेवून गेले तीही, मीच टाकल्या. या वेळी उघडून बघितल्या आधी.

तुम्ही हवे होतात. मनापासून श्रद्धांजली.