आईची काळजी, इंग्रजीत

रत्नागिरीत मी इंग्रजी बोलायला शिकवते. गेल्या वर्षी जयगडची एक मासेविक्रेती माझ्याकडे येऊ लागली. परदेशात एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम तिला मिळणार होतं, आणि त्यांची मुलगी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणार होती.

'लुक आफ्टर' शिकवलं तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, मागून बघून माणूस कसा सांभाळायचा?" आम्ही दोघी हसलो. मग 'टेक केअर ऑफ युवर मदर' घोकलं. ती मात्र दर वेळी 'टेक युवर मदर्स केअर' म्हणायची. आधी काळजी, मग तो 'ऑफ', आणि आई सगळ्यांत शेवटी, हे काही तिला पटेना.

मुलाखतीत मी शेजारी बसले होते. तिने पुन्हा तेच म्हटलं आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. पण त्या मुलीला ते बरोबर कळलं. तिने विचारलं, "आई सतत हाका मारते. चालेल?"

"माझी सासूपण मारायची," ती सरळ मराठीतच म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं.

काम मिळालं. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "म्हातारी आता माझ्या हातची पेज खाते." मला फार बरं वाटलं.