जांभळीवरचे बूट

वस्तू संपते, यावर माझ्या थोरल्या चुलत्यांचा जन्मभर विश्वास बसला नाही. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो, आमच्या साऱ्या भावकीत पहिला, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. पण काटकसर शिकलो ती हिर्डोशीच्या या निरक्षर माणसाकडून. कागदावर अंगठा उठवतानासुद्धा ते अर्धाच टेकवत. शाई वाया जायला नको!

त्यांच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला जाई, भाताच्या पेजेची खळ पागोट्याला बसे आणि दात घासून झालेली काडी वाळवून चुलीत जाई. काडेपेटी होती, पण कोनाड्यात, देवासारखी. विस्तव राखेखाली जपलेला असे. शेजारीण तो मागायला आली की चुलते म्हणत, "ने की, पर येताना गवरी घिऊन ये." चावडीवर पाच जण बसलेले दिसले तर पाचांत मिळून एकच रामराम. चुलती एकदा वैतागून म्हणाली, "अवो, हसायला तरी पैकं पडत न्हाईत!"

"दात झिजत्यात," चुलते म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव होता लग्नातल्या वहाणांवर. तीस वर्षं झाली तरी त्यांचे तळ कोरे होते, कारण भोरला जाताना सात-आठ कोस त्या काखेत असत आणि भोरची घरं दिसली की पायांत येत. कुणी हसलं तर म्हणत, "पायाचं कातडं फुकाट उगवतंय. वहाणंचं उगवतंय का?"

भोरच्या एका शाळेत मास्तराची एकच जागा निघाली, तेव्हा मला हेडमास्तरांपुढे उभं राहायचं होतं. ती हुकली असती तर माझी पदवी आणि आमचा नांगर एकाच गोठ्यात पडले असते. पुण्यात घेतलेले नवे बूट मी पायांत चढवले, तोच बरोबर निघालेल्या चुलत्यांनी ते काढून हातात घ्यायला लावले. नीरेकाठी एका जांभळीखाली आम्ही भाकरी खाल्ली. कुत्र्याने नेऊ नयेत म्हणून चुलत्यांनी बूट फांदीला अडकवले. खाऊन उठलो आणि बोलत बोलत चालू लागलो.

भोरची घरं दिसली. चुलत्यांनी वहाणा घातल्या आणि म्हणाले, "घाल आता तुजं बूट."

दोघांचे हात मोकळे! अनवाणी पायांना बूट राहिल्याची खबर लागणार तरी कशी? जांभळ दोन कोस मागे, आणि बोलावण्याची वेळ तासाभरावर. अंगात कोट, डोक्याला टोपी आणि खाली धुळीचे पाय.

चुलत्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या. खाली वाकून त्यांनी वहाणा काढल्या. "घाल ह्या."

"आन् तुमी, आबा?"

"म्या काय मास्तर व्हनार हाय व्हय? घाल. पर लई चालू नगंस. हुबं राहून बोल."

माझ्या टाचा बोटभर बाहेर राहत होत्या. तसाच गेलो, उभा राहून बोललो. बाहेर आलो तर चुलते शाळेच्या भिंतीला टेकून बसलेले, आणि भर उन्हात पाय घोंगडीखाली झाकलेले. भोरात त्यांचे अनवाणी पाय आजवर कुणी पाहिले नव्हते.

"जागा मिळाली, आबा."

त्यांनी नाक वर ओढलं. "मिळनारच. वहाणंच्या टाचा घासल्या न्हाईस न्हवं?"

परतताना बूट जांभळीवर तसेच लोंबत होते. चुलत्यांनी ते उलटे करून पाहिले आणि समाधानाने म्हणाले, "बग, येक दिसाची झीज वाचली."

आता चुलते नाहीत. त्यांच्या वहाणा माझ्याकडे आहेत, अजून धडधाकट. गावी जाताना जांभळीपाशी आलो की मी बूट काढून हातात घेतो आणि उरलेली वाट अनवाणी चालतो. बरोबरचे विचारतात, "मास्तर, बूट असून पाय का भाजून घेता?" मी सांगतो, पायाचं कातडं फुकट उगवतं. ते हसतात. मी हसत नाही, आणि ते दात झिजतील म्हणून नव्हे.