विलासला न पचलेलं दूध

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी एमआयडीसीतल्या आमच्या बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्याच्या रिकाम्या टेबलाशेजारी उभा होतो. सहा आठवडे झाले त्याला.

दोन वर्षांपूर्वी त्याला आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार जडला. त्याची आई, शांतामावशी, कुंभार पिंपळगावहून त्याच्याजवळ राहायला आल्या आणि ताकद यावी म्हणून त्याला रोज दोन पेले म्हशीचं दूध देऊ लागल्या. दूध प्यालं की पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. शेवटी डॉक्टरांनी समजावलं, की आतड्याच्या अस्तरात दूध पचवणारं विकर असतं; सुजेमुळे याचं ते जवळजवळ बंद पडलंय. मी सोबत होतो. मावशींचा चेहरा उतरला.

"म्हंजे मीच याला दुखणं पाजून राह्यले?"

"आई, दुधानं आजार झाला न्हाई," विलास म्हणाला. "आजारानं दूध पचंना झालं."

मावशींना ते पटलं असं मला वाटलं नाही.

पुढे आतड्याची सूज उतरवायला दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्याचा चेहरा सुजला. त्यातच लग्नासाठी स्थळं येत होती. एकदा डबा खाताना तो हळूच म्हणाला, "गोळ्या बंद केल्यात मी. आईला सांगू नको."

"डॉक्टरांना तरी विचार."

"विचारतो मंग..."

मी मावशींना सांगितलं नाही. रोज सकाळी तो आत आला की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो, चालताना वाकतोय का ते बघायचो, पण तोंड उघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तो पोट धरून खाली बसला. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेताना गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पोट फळीसारखं कडक. बदनापूर मागे पडल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आईला सांगितलंस का?" आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं; चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतर मी मावशींना सगळं सांगितलं. गोळ्यांचं, माझ्या गप्प बसण्याचं.

"मंग दुधानं न्हाई गेला त्यो?"

"न्हाई, मावशी."

"तू तवाच सांगाया पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला... मग आतूनच त्यांनी विचारलं, "तुला दूध चालतं ना रे?"

त्यांच्या हातचा चहा मी कितीदा प्यालोय. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात.