रान जायच्या आधी इनासकडे

"बाबल्या, येतलस तर आत्ताच ये रे. मगे माझा रान बघूक गावचा नाय."

शाळेपासूनच्या माझ्या मित्राचा, इनासचा, फोन. आंबोली घाटाच्या पायथ्याशी त्याच्या मालकीचं रान आहे. ऐन, किंजळ, जुने फणस. मालकीची झाडं तोडण्याचे नियम सरकार कडक करणार, अशी बातमी पेपरात आली आणि त्याच्या गावात एकच घबराट उडाली. लाकडाचा व्यापारी दारोदार सांगत फिरत होता, आत्ता द्या, नाहीतर जन्मभर नुसती बघत बसा. इनासने त्याला सगळं रान द्यायचं कबूलही केलं होतं.

रिकाम्या हाताने कसं जायचं? तारकर्लीचे सुके बांगडे बांधले आणि मालवणहून सावंतवाडीची एसटी धरली. ज्येष्ठांना तिकिटात सवलत, त्यामुळे आमच्यासारख्यांना प्रवास परवडतो. शेजारची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आजोबा, पिशयेत काय आसा?"

"बांगडे."

"बरा झाला. माका वाटला, डायवरान बूट काढल्यान!"

सावंतवाडीला स्टँडजवळ झणझणीत उसळ-पाव खाऊनच आंबोलीची गाडी धरा, आणि मधे उतरायचं तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नाही, म्हणून पुढच्या थांब्यावरून मागे चालत आलो. घरी इनासच्या बायकोच्या, रोझीवहिनींच्या, गरम घावण्यांनी पाय दुखायचे थांबले.

सकाळी आम्ही तिघं रानात. झाडाझाडावर मिरीचे वेल चढलेले, दाण्यांनी लगडलेले. लाकूड व्यापाऱ्याचं, पण वेल मालकाने आधी उतरवून घ्यायचा, अशी तिथली रीत. इनास शिडीवर चढला, वहिनींनी खाली चादर पसरली. वेलाने सालीला अशी मिठी मारलेली की ओढला तर तुकडे हातात यायचे.

"थांबा!" वहिनी ओरडल्या. "लगीन होवन इलंय तेव्हा मी लायलेलो वेल ह्यो."

"मगे त्या व्यापाऱ्याक काय सांगू गो?"

"आधी हापिसात जावन इचार, नियम बदललो काय नाय तो. पेपर वाचून कोण आपला घर मोडता?"

वनखात्याच्या कार्यालयात इनास एकदम भाषणाला उभा राहिल्यासारखा बोलू लागला, "साहेब, सदर नियम अमलात आलेला आहे काय?" मी हसू दाबत खिडकीबाहेर बघत राहिलो.

"अजून नाही, काका. नुसता विचार चाललाय. पण तोडायला परवानगी आजही लागते. व्यापाऱ्याने काढली का?"

इनासची शुद्ध भाषा तिथेच गळाली. "तो म्हणालो, मगे बघूया."

"मग तोडायचंही मगेच बघूया," साहेब हसले.

बाहेर आल्यावर इनासने एवढा मोठा श्वास सोडला की मीच म्हटलं, चल, आता आंबोली. घाटात धुकं, हातात गरम भजी. थंडीत जाणार असाल तर स्वेटर विसरू नका. मी इनासची शाल ओढून घेतली. संध्याकाळी उतरवलेला अर्धा वेल त्याने केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीच्या, दोरीने परत झाडाला बांधला.

आता घरी अंगणात वहिनींनी दिलेली मिरी वाळत घातली आहे. पुढे सरकार काय ठरवील ते ठरवील. काल न राहवून फोन केला, "काय रे, व्यापारी इल्लो?"

"इल्लो. वायच रागावलो, च्या पिलो, आणि रोझीकडसून मिरी इकत घेवन गेलो."