पारा थांबला आणि मी शिवारात धावलो

तुम्हाला माझी फजितीच ऐकायची आहे ना? मग हातातला चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

बाहत्तरचा दुष्काळ अजून पडायचा होता. कोल्हारजवळच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो. नॅप्थलीन आणि बायफिनाइल यांचं मिश्रण वितळताना किती उष्णता पितं, हे मोजायचं काम मी घेतलं होतं. त्या दिवशी दुपारी पुण्याहून सर येणार होते. काम पसंत पडलं तरच माझी पीएचडीची नोंदणी!

सकाळीच हीटर लावला. थर्मामीटरचा पारा छान चढत होता. आणि एकाएकी थांबला की हो! टिचकी मारली, फुंकर घातली, ढिम्म!

आता आमच्याकडची रीत अशी, की काहीही अडलं की आधी कुणाची मोटर चालू झाली ते बघायचं. विहिरीवर मोटर लागली की कॉलेजातले दिवे मिणमिणायचे. व्होल्टमीटर ठणठणीत आकडा दाखवत होता, पण त्याच्यावर विश्वास ठेवतो कोण? मी धावलो थेट शेजारच्या रंगनाथनानांच्या उसात.

"नाना, मोटर बंद करा! माझी पीएचडी बुडतेय!"

"आन् माजा ऊस वाळंल त्याचं काय, मास्तर?"

पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. नाना विरघळले. परत येऊन बघतो, तर पारा तिथंच!

पुन्हा नानांकडे. ते म्हणाले, "मंग म्हसूची चालू आसंल."

म्हसू बांधाच्या पलीकडे. चिखल तुडवत गेलो, तर तो उखडला. "नानाची बंद झाली म्हनून तर आत्ता कुठं जोरात पानी आलंय! न्हाई करायचो बंद!"

शेवटी नानांनीच त्याला दम भरला. मी गुडघाभर चिखलानं माखून प्रयोगशाळेत परतलो, आणि काय सांगू, पारा सरसर चढत होता! मी एवढा खूश झालो, की चपला धुवायचंही भान राहिलं नाही.

दुपारी सर आले. मी ऐटीत सगळी हकिगत सांगितली. सरांनी शांतपणे चष्मा काढला.

"अहो, या प्रमाणातलं मिश्रण वितळत असताना पारा थांबतोच. सगळी उष्णता वितळण्यात जाते. तेवढंच तर मोजायचं होतं!"

माझे कान गरम झाले. हाच धडा मी त्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या पोरांकडून घोकून घेतला होता.

"किती वेळ थांबला होता पारा?" सरांनी विचारलं.

"बघितलं नाही, सर."

"का? कुठे होतात तुम्ही?"

"उसात, सर."