कळलावीला घातलेलं पाणी

समस्त शेजाऱ्यांना कळवताना अत्यंत दुःख होते की, रानातून आणून आमच्या गॅलरीत लावलेली कळलावी वारली असून तिचा खुनी मीच आहे.

मागच्या श्रावणात तिनं कठड्यावर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटवल्या, तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्या दाखवत होतो. दिवाळीनंतर वेल वाळली. रानातून कंद आणून देणाऱ्या माझ्या आतेबहिणीनं बजावलं होतं, "दादा, आता ती जमिनीत झोपणार. मृगापर्यंत थेंब घालू नकोस हं." पण त्या कोरड्या मातीकडे बघत मला स्वस्थ बसवेना. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचो आणि वर विचारायचो, "काय गं, बरी आहेस ना?"

मृग उलटला तरी कोंब दिसेना, म्हणून काल कुंडी उपडी केली. नांगराच्या फाळासारख्या त्या कंदाचा काळा, घाणेरडा लगदा झाला होता. गुरंढोरंही जिला तोंड लावत नाहीत अशी ही विषारी बया. उन्हानं मेली नाही, किडीनं मेली नाही, माझ्या तांब्यानं मेली. एखाद्याला त्याचं त्याचं राहू देणं हीही मायाच असते. पण ती करताना आपण कुणाला दिसत नाही, म्हणून आपण पाणी घालत राहतो.

लेक सुट्टीला घरी आली आहे. 'जेवलीस का, झोप झाली का' असं मी तिला सकाळपासून चारदा विचारलं होतं. तिनं नाक दाबून तो लगदा पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी वेळेवर हॉस्टेलला गेले म्हणून वाचले!"